गुंतवणुकीचे शास्त्र

शालान्त परीक्षेनंतर तुमच्यापैकी कित्येकजण वाणिज्य शाखेकडे वळतील. तेथे पदवीच्या वर्गात 'गुंतवणूक' हा विषय त्यांच्या वाट्यास येण्याचा संभव आहे. हा विषय म्हणजे झटपट श्रीमंत होण्याची विद्या, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. 'किती मिळेल?' या प्रश्नाबरोबरच 'गेले तर किती जाईल?' हा प्रश्न विचारावयास शिकविणे, हेच या अभ्यासाचे मुख्य प्रयोजन होय.

या अभ्यासाचा आरंभ काळाच्या हिशेबाने होतो. एक हजार रुपये द.सा.द.शे. ८ या दराने सरळव्याजी ठेवले तर ३६ वर्षांनी त्यांचे ३,८८० रुपये होतात. तेच चक्रवाढीने ठेवल्यास सुमारे १६,००० होतात! ७२ या संख्येस व्याजाच्या दराने भागले असता रक्कम दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील याचा अदमास येतो. दर ८ असेल तर उत्तर ९ वर्षे. तथापि रुपया वाढत असता महागाईही स्वस्थ बसत नाही. व्याज ७ टक्के आणि भाववाढ ५ टक्के असेल, तर खरी वाढ जेमतेम दोनच टक्क्यांची असते.

पुढचा प्रश्न, पैसा कोठे ठेवावा? मार्ग मुख्यत्वे दोन आहेत: तो उसना द्यावा किंवा एखाद्या उद्योगाच्या मालकीत वाटा घ्यावा. आपल्या बडोद्याचेच उदाहरण घेऊ. महाराज सयाजीरावांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली. त्या बँकेत जो ठेव ठेवतो तो तिचा धनको होय; त्याला ठरलेले व्याज मिळते. जो तिचा शेअर घेतो तो मालकीचा वाटेकरी होय. नफा वाढला तर त्याचा लाभ वाढेल, घटला तर त्याच्या शेअरचा भाव उतरेल. देणी भागविण्याचा प्रसंग आला तर धनकोचा हक्क आधी आणि भागधारकाचा सर्वांत शेवटी. म्हणूनच भागधारक अधिक प्राप्तीची अपेक्षा धरतो. ती अपेक्षा हे जोखमीचे मोल आहे, बक्षीस नव्हे.

हे नाते विसरल्यास काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडातील गिरण्यांना मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले गेले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस गडगडला आणि त्याबरोबर शेअरही कोसळले. शेअरांच्या तारणावर कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. शंभराचे पन्नास होण्यास पन्नास टक्क्यांची घट पुरते. पण पन्नासाचे पुन्हा शंभर होण्यास शंभर टक्क्यांची वाढ लागते, हे गणित त्या वेळी अनेकांना फार महागात पडले.

यावर उपाय काय? हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली एका निबंधात तो गणिताने मांडला. पुढे १९९० साली त्याला अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपला शेतकरी मात्र ते तत्त्व पूर्वापार आचरीत आला आहे. तो ज्वारीच्या ओळींमध्ये तूर पेरतो. पाऊस लवकर आटोपला आणि ज्वारी हातची गेली, तरी खोल मुळांची तूर तग धरते. पिके केवळ अनेक असून भागत नाही. ती एकाच कारणाने एकाच वेळी बुडणारी नसावीत, हे त्यातील मर्म होय. दहा कापूस कंपन्यांचे शेअर घेणारा १८६५ साली दहाही ठिकाणी बुडाला असता.

शेवटी एक लहानसा प्रयोग सांगतो. 'तीन वर्षांत दामदुप्पट' असे आमिष घेऊन कोणी घरी आला, तर ७२ ला ३ ने भागा. उत्तर येते २४; म्हणजे वर्षाला सुमारे चोवीस-पंचवीस टक्के! बँक सात टक्के देत असता हा गृहस्थ इतके कोठून देणार, असे त्याला नम्रपणे विचारा. वडिलांनी पै पै करून जमविलेली पुंजी त्या एका प्रश्नाने वाचू शकेल, आणि तो विचारण्यास पदवीची वाट पाहावी लागत नाही.