सबडोमेनांची स्वयंचलित तजवीज : एक मागोवा

सुरगाणा तालुक्यातील गावांची संकेतस्थळे एखाद्या होतकरू तरुणाने घरच्या संगणकावर रचावयास घेतली, तर बोरगाव, उंबरठाण, बाऱ्हे, हातगड असे एकेक फोल्डर निर्माण करताच त्या त्या नावाचे सबडोमेन, कोणाच्याही परवानगीवाचून, ब्राउझरमध्ये उघडू लागावे अशी तजवीज त्याला आज दोन-चार ओळींत करता येते. मात्र त्या ओळी सिद्ध व्हावयास दीर्घ काळ लागला.

आरंभी अर्पानेटवरील समस्त यंत्रांची नावे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या दप्तरी एकाच फाइलीत नोंदली जात. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डोमेन-पद्धतीने नावे देण्याचा अखत्यार पायरीपायरीने खाली सोपविला. आणि 1948 साली ज्याचे सुरगाणा संस्थान भारतात विलीन झाले व जो पुढे जिल्हा, तालुका, गाव या उतरंडीत रुळला, त्या मुलखातील माणसास ही व्यवस्था निराळी समजावून सांगावी लागू नये. त्याच पद्धतीत तारांकनाचीही सोय होती : ज्या नावाची स्वतंत्र नोंद नाही, त्याचे उत्तर तारांकित नोंदीने द्यावे.

तथापि नाव सापडले म्हणून स्थळ सापडतेच असे नाही. एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीत आपण कोणत्या नावाने आलो हे ब्राउझरने सांगण्याचे बंधन नव्हते. सबब प्रत्येक स्थळास बहुधा पृथक आयपी पत्ता लागे. जानेवारी 1997 मधील 1.1 आवृत्तीने ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची केली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरी क्रांती ती एवढीच. पुढे अपाचे सर्व्हरच्या 1.3.7 आवृत्तीत असे मॉड्यूल आले, की नावाचा पहिला खंड उचलून त्याच नावाचे फोल्डर उघडावे, एवढा एकच हुकूम पुरेसा झाला. प्रत्येक स्थळासाठी निराळे कलम लिहून सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची यातायात संपली. घरच्या संगणकावर नावे जेथे नोंदवितात त्या होस्ट्स फाइलीस तारांकन कळत नाही; ती उणीव डीएनएसमास्क या प्रणालीने भरून काढली.

या सोयीत एक खोच आहे. बोरगावचे ‘बोरगव’ झाले तरी तारांकन निमूटपणे उत्तर देते, आणि नावातला दोष मनुष्य फोल्डरात धुंडाळीत बसतो. सरावाच्या यंत्रावर हे क्षम्य. सार्वजनिक सर्व्हरवर मात्र नावे एकेक करून नोंदवावीत हेच बरे.

चाचणीसाठी ‘.टेस्ट’ हे अंत्यनाम 1999 सालीच राखून ठेवलेले असता पुष्कळांनी ‘.डेव्ह’ पत्करले, आणि डिसेंबर 2017 मध्ये क्रोमने ‘.डेव्ह’वर कूटबद्ध जोडणी सक्तीची करताच त्यांची चालती स्थळे अडली. मार्च 2018 पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशा जोडणीस लागणारी तारांकित प्रमाणपत्रे विनामूल्य देते, पण ‘.टेस्ट’साठी ती मिळत नाहीत. तेथे आपल्याच यंत्राने दिलेल्या दाखल्यावर भागवावे लागते. शिवाय प्रमाणपत्रातील तारांकनाचा अंमल एकाच पायरीपुरता असतो : बोरगावच्या पोटात ‘शाळा’ हे आणखी एक सबडोमेन काढले, तर नाव सापडते, फोल्डरही उघडू शकते, आणि ब्राउझर मात्र दाखला अमान्य करतो.