गादीवाफा आणि पायवाट : परसबागेची मांडणी

विनयपिटकाच्या महावग्गात चीवराच्या शिवणीची हकिगत आली आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे चारिका करीत असता तथागतांच्या दृष्टीस मगधातील शेते पडली. ओळीने आखलेले वाफे, त्यांच्यामधले बांध आणि त्या बांधांना छेदणारे आडवे बांध. भिक्खूंसाठी असे चीवर शिवता येईल काय, असे त्यांनी आनंदांना विचारले आणि आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. भिक्खूंच्या अंगावर आजही तेच शेत दिसते. या आकृतीत वाफ्याइतकेच बांधालाही स्थान आहे. परसबाग करणारे बहुतेक जण मात्र वाफ्यांचाच विचार करतात आणि उरलेल्या जागेत वाट पाडतात. माझ्या मते आधी वाट आखावी, मग वाफा.

याचे कारण पाऊल. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतून पाणी मुरते आणि मुळांना हवा मिळते. माणूस वाफ्यात उतरला की त्या पोकळ्या दबतात. काळी माती ओली असताना तुडवली गेली, तर वाळल्यावर तिची ढेकळे दगडासारखी होतात. म्हणून ज्या मातीत पीक घ्यायचे तिच्यावर कोणीही, कधीही पाय देऊ नये. गादीवाफा म्हणजे भोवतालच्या जमिनीहून उंच केलेला वाफा. त्याची उंची पावसाचे जादा पाणी काढून देते हे खरेच. पण त्याचा मोठा गुण हा की पायांची जागा कोणती आणि मुळांची कोणती, हे तो लहान मुलालाही न सांगता समजावतो.

येथे एक विषयांतर करतो. नोकरी लागली, घर बांधले, की आपली मंडळी प्रथम अंगणाला शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा घालतात. त्यांना दोष देणे मला जमणार नाही. ज्यांच्या आजी-पणजीने दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवला, त्यांना दारात चिखल नको वाटणे स्वाभाविक आहे. जमीन आपल्या वाट्याला आली तीही वतनाच्या बेडीसह. ती बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले. या इतिहासानंतर घरामागे हक्काची चार हात जमीन मिळते आणि आपण ती सिमेंटखाली गाडतो, याचे वाईट वाटते. एवढ्याशा जागेत काय होणार, हा प्रश्नही नेहमीचा आहे. १९१८ सालच्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेती परवडते की नाही हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. जमिनीच्या जोडीला भांडवल आणि साधने किती आहेत, यावर ते ठरते. तो विचार परसाला लावणे हे थोडे धाडसच. तरी हिशेब करून पाहू.

समजा, परस २० फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. लांबीच्या एका बाजूने ३ फुटांची मुख्य वाट सोडावी. त्या वाटेवरून घमेले घेऊन जाणारा माणूस, हातगाडी किंवा काठी टेकत चालणारी आजी, सर्वांना जाता आले पाहिजे. उरलेल्या ९ फुटांच्या पट्ट्यात साडेतीन फूट रुंदीचे चार वाफे आडवे आखावेत आणि प्रत्येकाच्या शेजारी दीड फुटाची वाट ठेवावी. शेवटची वाट भिंतीलगत येते. साडेतीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. वाफा याहून रुंद केला की पाय आत पडतोच. जमिनीला उतार असल्यास वाफे उताराला आडवे असावेत, नाहीतर माती पहिल्याच पावसात शेजाऱ्याकडे जाते.

खुंट्या ठोकून, सुतळी ताणून आखणी झाली की वाटांमधली वरची चार इंच माती उकरून वाफ्यांवर टाकावी. वाट खाली जाते, वाफा वर येतो. नऊ इंच उंचीच्या एका वाफ्याला सुमारे २४ घनफूट भर लागते. त्यापैकी जवळजवळ साडेनऊ घनफूट वाटांतूनच निघते. उरलेली भर कुजलेले शेणखत, गांडूळखत आणि पालापाचोळ्याने करावी. भर घालण्यापूर्वी वाफ्याच्या तळाची जमीन कुदळीने वीतभर खणून मोकळी करावी. हे कष्ट टाळले तर मुळे नऊ इंचांवरच अडखळतात. खोल गेलेल्या वाटांत मुरूम किंवा विटांचे तुकडे पसरावेत. तेथे कोबा मात्र नको. पाणी मुरले पाहिजे.

आता कडेविषयी. चुल्लवग्गात भिक्खूंच्या चंक्रमाचे, म्हणजे येरझारा घालण्याच्या जागेचे, वर्णन आहे. जागा सखल असल्याने पाण्याखाली जाई, तेव्हा ती उंच करण्यास अनुज्ञा मिळाली. रचलेली भर ढासळू लागली, तेव्हा विटांचा, दगडांचा किंवा लाकडाचा काठ बांधण्यास अनुज्ञा मिळाली. गादीवाफ्यालाही हेच तीन पर्याय आहेत. विटा एकतृतीयांश जमिनीत गाडून उभ्या लावाव्यात, सिमेंटने सांधू नयेत. फटींतून पाणी झिरपते. दगड सर्वांत टिकाऊ. लाकूड आणि बांबू स्वस्त पडतात, पण वाळवी त्यांना फार वर्षे टिकू देत नाही. जुने रंगवलेले लाकूड, रेल्वेचे डांबरी तेल मुरलेले स्लीपर आणि ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे तुकडे फुकट मिळाले तरी भाजीजवळ आणू नयेत.

बुद्धपौर्णिमेनंतर, जूनच्या पावसापूर्वी हे काम उरकावे. पहिल्या दोन-तीन सरींत माती बसते. तेव्हा पुन्हा थोडी भर घालून मग मेथी, कोथिंबीर, चवळी पेरावी, वांगी-मिरचीची रोपे लावावीत. उंच वाफा लवकर वाळतो, हा त्याचा दोष. हिवाळा संपताच त्यावर वाळल्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. ज्या भागात पाऊस मुळातच कमी आणि माती हलकी, तेथे नऊ इंचांचा हट्ट न धरता वाफा चार इंचच उंच ठेवावा. अगदी कोरड्या उन्हाळ्यात तर जमिनीहून किंचित खोल वाफाच बरा. वाटा मात्र तिथेही आधीच आखाव्यात.