कान वाहतो, मशीन टिकत नाही: मग हाडाने ऐकायचं?

इअरफोन काढा, एक काम आहे. दोन्ही कानांत बोटं घाला आणि तोंड मिटून 'म्ऽऽऽ' करा. आवाज मोठा झाला ना? कान बंद, तरी आवाज वाढला, कारण तो कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात पोचला. स्वतःची व्हॉइस नोट ऐकून 'हा मी?' असं वाटतं ना, त्यामागेही हेच. रेकॉर्डिंगमध्ये हाडाचा वाटा नसतो.

आजचा विषय सिहोऱ्याच्या एका श्रोत्यामुळे. धाकट्या भावाचा कान लहानपणापासून वाहतो. मशीन घेतलं, पण साचा कानात बसवला की हवा कोंडते आणि आठ दिवसांत परत पू. मशीन कपाटात, पोरगा मागच्या बाकावर. "दादा, दुसरं काही नाही का?"

आहे. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. त्यातून आधी दातांचे इम्प्लांट आले आणि 1977 मध्ये गोटेनबर्गला ऐकण्याचे. कानामागच्या हाडात तीन-चार मिलिमीटरचा स्क्रू बसवतात. तो हाडात पक्का मुरला की त्यावर बाहेरून छोटं यंत्र लावायचं. यंत्र आवाजाची थरथर करतं, ती हाडातून आतल्या कानात जाते. कानाची नळी मोकळीच राहते. काही प्रकारांत स्क्रूचं टोक बाहेर नसतं, कातडीखाली चुंबक असतं. अशांनी एमआरआयच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पण थांबा, हे सगळ्यांसाठी नाही. ऑडिओमेट्रीचा कागद हातात घ्या. त्यावर दोन रेघा असतात, एक हवेची, एक हाडाची. हवेची खूप खाली आणि हाडाची बरीच वर असेल, तर आतला कान चांगला आहे, अडथळा वाटेत आहे. वाहता कान किंवा जन्मतः बंद असलेलं कानाचं छिद्र, यात असं दिसतं. अशांना याचा खरा फायदा. दोन्ही रेघा सोबतच तळाला गेल्या असतील तर आतला कानच थकलाय, तिथे हा स्क्रू काही करत नाही. मग कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. एकच कान पूर्ण गेला असेल तर मात्र त्या बाजूचा आवाज हाडातून चांगल्या कानाकडे नेता येतो.

खर्च लाखांत जातो, हे लपवणार नाही. शिवाय स्क्रूभोवतीची कातडी रोज साफ ठेवावी लागते, नाहीतर तीही चिघळते.

म्हणून माझं मत, थेट ऑपरेशनकडे धावू नका. पडद्याचं भोक शिवता येतं का, हे आधी विचारा. पुष्कळदा येतं. त्यासाठी तुमसर, भंडारा, गरज पडली तर नागपूरचं मेडिकल गाठा. आणि तेच यंत्र कपाळपट्टीला लावून बिनऑपरेशनचं वापरून पाहता येतं. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना तर बहुधा पट्टीच देतात.

आणि त्या भावाला सांग, तोवर बोडीत डुबकी बंद. कानात कोमट तेलही नको, आजीने कितीही आग्रह केला तरी.