कॉम्प्युटरला लिहून सांगूया

आज वही-पेन घेऊन बसा. काही अक्षरं सावकाश सांगणार आहे, ती उतरवून घ्या.

आपल्या ग्रामसंघाच्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू असेल, तर ती लिनक्सच्या घरातली. लिनक्स १९९१ साली आली, युनिक्सच्या धर्तीवर. युनिक्सची सुरुवात १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली. उबुंटू विकत घ्यावी लागत नाही.

कंट्रोल, आल्ट आणि टी ही बटणं एकदम दाबा. एक खिडकी उघडेल, तिला टर्मिनल म्हणतात. इथं चित्रांवर बोट ठेवायचं नाही. हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचा. आपला हुकूम वाचून तो कामाला लावणारा दुभाष्या म्हणजे शेल. उबुंटूत त्याचं नाव बॅश.

पहिले तीन हुकूम, सगळे लहान इंग्रजी अक्षरांत. पी-डब्ल्यू-डी: मी कुठल्या फोल्डरमध्ये आहे? एल-एस: इथं काय काय आहे? सी-डी, मोकळी जागा आणि फोल्डरचं नाव: त्या फोल्डरमध्ये चल. नाव लांब असेल तर पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं आपोआप येतं. लहान आणि मोठं अक्षर इथं वेगळं धरतात, हे विसरू नका.

या तिन्हींनी काही बिघडत नाही. जपायचं ते आर-एम या हुकमाला. तो फाइल पुसतो, आणि पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. विचारतही नाही. कर्जासाठी बँक गटाचे हिशोब मागते. तीन वर्षांच्या हप्त्यांची यादी एका एंटरनं गेली, तर अध्यक्षबाईंनी काय दाखवायचं?

म्हणून शेलला आपली शिस्त लावूया. आधी नुसतं सी-डी लिहून एंटर दाबा, म्हणजे आपण आपल्या घरच्या फोल्डरमध्ये येतो. मग लिहा: नॅनो, मोकळी जागा, टिंब, आणि लगेच बी-ए-एस-एच-आर-सी. ही शेलची सवयींची वही. टिंबामुळे ती एरवी लपलेली असते. आतलं काही खोडू नका. अगदी शेवटी जाऊन नवी ओळ लिहा: ए-एल-आय-ए-एस, मोकळी जागा, आर-एम, बरोबरचं चिन्ह, मग एकेरी अवतरणचिन्हांत आर-एम, मोकळी जागा, आडवी रेघ, आय. बरोबरच्या चिन्हाच्या मागेपुढे जागा सोडायची नाही.

कंट्रोल-ओ आणि एंटर दाबून जतन करा, कंट्रोल-एक्सनं बाहेर या. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. आता आर-एम लिहिलं की तो हुकूम आधी विचारेल, पुसू का? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको. एखादी रिकामी फाइल करून तिच्यावर आधी तपासून बघा.

आपण केलं ते एवढंच: जुन्या हुकमाला नवा अर्थ लावला. पण ही राखण त्याच खात्यापुरती आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती नसेल. म्हणून महिन्याची बैठक झाली की हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो कपाटात कुलपात ठेवा.

हे काम ऑपरेटर भाऊंवर सोडू नका. गटातल्या दोघींनी तरी शिका, म्हणजे एक माहेरी गेली तरी काम अडणार नाही.