नाताळचे झाड आणि घरातले थकलेले हात

डिसेंबर उजाडला की माझ्या दवाखान्यातील बोलण्याचा सूर बदलतो. दंडाभोवती रक्तदाबाची पट्टी गुंडाळलेली असतानाच एखाद्या आजी सांगू लागतात, "डॉक्टर, माळ्यावरचा खोका उतरवायचा आहे, तेवढं गुडघ्याचं बघा." गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी वसई परिसरात व्यवसाय करीत आहे. त्यामुळे हा खोका कसला, हे मला विचारावे लागत नाही. नाताळच्या झाडाच्या सजावटीचे सारे सामान त्यात असते. काचेचे गोळे, छोट्या घंटा, सोनेरी झिरमिळ्या, दिव्यांच्या माळा आणि आज चाळिशी ओलांडलेल्या मुलांनी शाळेत असताना कातरलेल्या कागदी चांदण्या.

वाचकहो, या खोक्याभोवती जमणाऱ्या कुटुंबाविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. एकदा या बाबतीत माझ्याकडून एक चूक घडली. ती चूक आपल्या घरी घडू नये, हा या लेखाचा हेतू आहे.

झाड घरात येते तेव्हा

घरात झाड सजवण्याची प्रथा मूळची जर्मन प्रदेशांतील, सोळाव्या शतकाच्या सुमारास रुजलेली. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया आणि तिचे कुटुंबीय सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापले आणि इंग्रजी घरांत ही प्रथा वेगाने पसरली. झाडावर तेव्हा खऱ्या मेणबत्त्या लावीत. विजेच्या दिव्यांची पहिली माळ १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी लागली.

आमच्याकडील ज्येष्ठांच्या आठवणींत मात्र आधी गोठा येतो, मग दारावरची चांदणी आणि त्यानंतर झाड. बांबूच्या कामट्या तासून, त्यांवर रंगीत कागद चिकटवून केलेली चांदणी ही आपल्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. झाड म्हणून कोणी सुरूची फांदी आणून वाळूने भरलेल्या डब्यात रोवीत. आता बहुतेक घरांत घडीचे कृत्रिम झाड असते. साधारणपणे नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत ते उभे राहते आणि ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर उतरते. या साऱ्या दिवसांत घरातील वृद्ध माणसाची जागा कोणती, हा खरा प्रश्न आहे.

माझा चुकलेला सल्ला

माझ्या एका रुग्ण आजींची ही हकिगत. वय अठ्ठ्याहत्तर. झाडाच्या शेंड्यावर चांदणी लावण्याचा मान त्या घरात त्यांचा होता. ती चांदणी त्यांच्या यजमानांनी लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केलेली. यजमान गेले, घर कौलारूचे स्लॅबचे झाले, पण चांदणी तीच राहिली. एका वर्षी ती लावताना आजी स्टुलावरून घसरल्या आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात चालू लागल्या.

पुढचा डिसेंबर आला, तेव्हा मुलगा विचारायला आला. मी ठामपणे सांगितले, "आजींना त्या झाडाजवळ फिरकूसुद्धा देऊ नका." मुलाने आणि सूनबाईंनी माझा शब्द पाळला. आजी झोपल्यावर रात्री सगळ्यांनी मिळून झाड सजवले. सकाळी आजींना आनंदाचा धक्का द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

तीन दिवसांनी मला घरी बोलावणे आले. आजींनी जेवण टाकले होते. कोणाशी बोलत नव्हत्या. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, लघवीची तपासणी करून घेतली. कशातच दोष नव्हता. शेवटी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "डॉक्टर, या घरात झाड आता माझ्याशिवाय उभं राहतं."

माझ्या ध्यानात आले, की मला स्टूल काढून घ्यायचे होते आणि मी त्यांचे काम काढून घेतले होते.

त्याच संध्याकाळी मुलांनी झाडावरचे निम्मे सामान पुन्हा उतरवले. हातांच्या खुर्चीत आजींना बसवले, समोर टेबल ठेवले. त्या एकेक वस्तू हातात घेत, दोरा ओवीत आणि ती कोणी, कोणत्या साली आणली ते सांगत. शेवटी नातवाने घडीच्या शिडीवर चढून चांदणी लावली. आजी खालून सांगत होत्या, "थोडी डावीकडे. आता सरळ." त्या रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली. चालण्याची भीती त्यांच्या मनातून पुरती गेली असे मी म्हणणार नाही. तो धीर यायला व्यायामाचे पुढचे कितीतरी महिने लागले. पण त्या रात्रीपासून त्या घरात पुन्हा बोलू लागल्या.

हातांना काम का हवे

वार्धक्यात सांधे दुखतात, नजर मंदावते, हे आपण जाणतो. आपली कोणाला गरज उरली नाही, ही भावना मात्र तपासणीच्या कागदावर उमटत नाही. भूक मंदावणे, झोप उडणे, बोलणे कमी होणे या तक्रारींमागे अनेकदा नैराश्य असते. अशा लक्षणांची वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. तपासणीत काही न आढळल्यास, घरातील कोणते काम त्या व्यक्तीच्या हातून अलीकडे सुटले, हेही विचारावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. सकाळी काय खाल्ले ते त्यांना आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचा नाताळ आठवतो. दोरा बांधणे, कागद दुमडणे अशा हातवळणी पडलेल्या क्रियाही पुष्कळदा दीर्घकाळ टिकतात. त्यांच्या हातात एखादी जुनी वस्तू द्या. "ओळखलंत का?" असे विचारून परीक्षा घेऊ नका. "ही किती सुंदर आहे" एवढेच म्हणा. आठवण यायची असेल तर आपोआप येईल.

कोणाला कोणते काम

गुडघे दुखणाऱ्यांनी बसून दोरे ओवावेत, गोळे मऊ फडक्याने पुसावेत. बोटांत संधिवात असेल, तर बारीक हुकांऐवजी जाड रिबिनीचे मोठे फास करून ठेवावेत. कंप असणाऱ्यांना काचेऐवजी कापडी वा लाकडी वस्तू द्याव्यात. नजर अधू झालेल्यांना भरपूर उजेड आणि मोठ्या, ठळक रंगांच्या वस्तू द्याव्यात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खिडकीशी, त्यांना पडल्या पडल्या दिसेल असे छोटे कुंडीतले झाड ठेवावे आणि त्यावरची पहिली वस्तू त्यांच्या हातून लावून घ्यावी.

आणखी एक काम मला विशेष आवडते. गोव्यात आणि कोकणपट्टीत गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून पसरट भांड्यात नाचणीसारखे धान्य पेरतात. नाताळाच्या आठ-दहा दिवस आधी पेरले की सणापर्यंत लुसलुशीत कोंब येतात. रोज सकाळी पाणी शिंपडायचे आणि कोंब किती वाढले ते पाहायचे, हे काम खुर्चीत बसून करता येते. उद्याची वाट पाहायला त्याने एक कारण मिळते.

सजावटीतील धोके

आता थोडे सावधगिरीविषयी. सत्तरीनंतर स्टूल, खुर्ची वा पलंगावर चढून काहीही लावू नये. मान मागे टाकून वर पाहिले, की आतल्या कानातील दोषामुळे काहींना एकाएकी भोवळ येते. खालची वस्तू उचलून झटकन उभे राहिल्यास रक्तदाब उतरतो, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. झाड उतरवतानाही हेच नियम पाळा. तेव्हा उत्साह ओसरलेला असतो, मदतीला माणसे कमी असतात.

झाड जाण्या-येण्याच्या वाटेत नको. पलंगापासून संडासापर्यंतची रात्रीची वाट मोकळी ठेवा. दिव्यांची वायर जमिनीवरून आडवी नेऊ नका, भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवा. दरवर्षी झाडाची जागा शक्यतो तीच ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा सामान हलवल्याने गोंधळ उडतो. उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी ते अस्वस्थ होतात, म्हणून दिवे स्थिर ठेवा. खोटी फळे आणि मिठाईसारख्या दिसणाऱ्या वस्तू खऱ्या समजून ते तोंडात घालू शकतात. अशा वस्तू त्या घरात नकोत.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना काचेचा बारीक तुकडा रुतलेला कळतही नाही. गोळा फुटल्यास झाडून झाल्यावर ओल्या कागदाने फरशी टिपून घ्या, घरातही चपला वापरा आणि रात्री दोन्ही तळवे पाहा. वर्षभर खोक्यात पडलेल्या सामानावर धूळ आणि बुरशी असते. दमेकऱ्यांनी खोका उघडताना दुसऱ्या खोलीत बसावे. इतरांनी सामान बाहेर नेऊन पुसावे, मगच त्यांच्या हाती द्यावे.

दिव्यांची माळ प्रमाणित दर्जाची असावी. वायर तडकलेली असेल तर मोह न धरता टाकून द्यावी. झोपताना आणि घराबाहेर पडताना बटण बंद करावे. बर्फ म्हणून पसरलेला कापूस आणि वाळलेली सुरूची फांदी क्षणात पेट घेतात. त्यांच्याजवळ मेणबत्ती नको. घरात कोणाला ऑक्सिजन चालू असेल, तर त्या खोलीत ज्योत मुळीच नको. चमचमत्या खेळण्यांतील बटणाएवढ्या बॅटऱ्या नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने ती गिळल्याचा नुसता संशय आला, तरी तत्काळ रुग्णालय गाठा.

तरीही कोणी पडलेच तर

घाईने उठवून उभे करू नका. एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, किंवा पायावर भार देता येत नसेल, तर चोळणे-शेकणे न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. वृद्धांच्या डोक्यात हळूहळू साचणारे रक्त कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी त्रास देते. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, बोलण्यात असंबद्धता किंवा एका बाजूची शक्ती कमी होणे, यांतील काहीही दिसल्यास थांबू नका. आधी पडल्याची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.

रिकामी खुर्ची

काही घरांत यंदा जोडीदाराशिवायचा पहिला नाताळ असेल. झाड लावावे की नाही, असा प्रश्न तेथे पडतो. याचे एक उत्तर नाही. मागे राहिलेल्या व्यक्तीला विचारा आणि तिचे उत्तर माना. मोठे झाड नको असेल, तर एका फांदीवर एकच आवडती वस्तू लावा. डोळ्यांत पाणी आले तर विषय बदलू नका, जवळ बसा. मुले परदेशी असतील, तर झाड सजवून झाल्यावर व्हिडिओवर दाखवण्यापेक्षा सजवतानाच फोन लावा. आईने खोक्यातून वस्तू काढावी, मुलाने तिकडून सांगावे, "ही मी चौथीत केली होती."

आपल्या घरी नाताळ नसेलही. गणपतीची आरास असेल, दिवाळीचा आकाशकंदील असेल. तेथेही हेच लागू आहे. वर चढायचे काम तरुणांचे, पण काय कुठे लावायचे हे ज्येष्ठांना विचारून ठरवावे.

त्या आजी आता ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. मोतीबिंदू वाढला आहे, कागदी चांदण्यांचे रंग त्यांना नीट दिसत नाहीत. मागच्या डिसेंबरात गेलो, तेव्हा त्या बोटांनी चाचपून वस्तू ओळखत होत्या आणि नात शेजारी बसून त्यांच्या आठवणी वहीत लिहीत होती. पत्र्याच्या चांदणीची एक कड धारदार झाली होती, म्हणून आजींनी तिला स्वतःच्या हाताने कापडी पट्टी लावून घेतली. मग ती माझ्या हाती देत म्हणाल्या, "यंदा तुम्ही चढा, डॉक्टर. पण शिडी कोणीतरी धरा रे त्यांची. तेही आता पन्नाशीचे झाले."

मी चढलो. शिडी दोघांनी धरली होती.