एक दशांश मिलिमीटरचं पातं

दाढीचं ब्लेड मिलिमीटरच्या एक दशांश जाडीचं असतं. पुडीतून काढून दोन बोटांत धरलं की सहज वाकतं. नुसत्या अशा पात्याने दाढी करायला गेलं, तर केसाला भिडताच ते थरथरेल आणि गाल कापेल. तेच पातं रेझरमध्ये ठेवून दांडा फिरवला की वरची टोपी आणि खालची पट्टी त्याला दोन्ही बाजूंनी आवळतात, ते किंचित कमानीत वाकतं आणि त्या बाकामुळेच ताठ होतं. धारेची नुसती कड बाहेर डोकावते. तिच्या पुढे असलेली पट्टी त्वचा दाबून सपाट करते, म्हणजे पात्याच्या वाट्याला येतो तो फक्त केस. टोपी, पट्टी, दांडा आणि एक आटा. सेफ्टी रेझर म्हणजे एवढंच यंत्र. स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, ब्लेडखेरीज बदलावं लागेल असं काही नाही.

या यंत्राबद्दल मला आदर वाटतो तो एका कारणासाठी. त्याने कौशल्य संपवलं नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने न्हाव्याच्या मनगटात मुरणारं काम त्याने इतकं सोपं केलं की ते कुणालाही थोड्या दिवसांत शिकता यावं. पण शिकावं मात्र लागतंच.

वस्तऱ्यापासून ब्लेडपर्यंत

उघडा वस्तरा म्हणजे जाड पाठीचं, घडीव पोलादाचं पातं. त्याची धार दगडावर काढायची, दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर परजायची आणि कोन सर्वस्वी हाताने सांभाळायचा. स्वतःच्या गळ्यावर तो चालवणं सोपं नाही. पॅरिसमधला सुऱ्या-वस्तरे बनवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं पुस्तक लिहिलं. सुताराच्या रंध्यातून पातं जसं बेतानेच बाहेर येतं, तसं त्याने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवून त्याला खोल जाण्यापासून अडवलं. १८८० साली न्यूयॉर्कच्या कॅम्फ बंधूंनी दांड्याच्या टोकाला आडवं डोकं असलेला रेझर काढला. गाल आता सुरक्षित झाला, पण डोक्यात बसवायचं पातं अजून वस्तऱ्याचाच आखूड तुकडा होतं. ते परजणं चुकत नव्हतं.

ती कटकट संपवली किंग कॅम्प जिलेटने. हा गावोगाव फिरणारा विक्रेता. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरच्या कंपनीसाठी तो काम करत असे. एकदा वापरून फेकली जाईल आणि गिऱ्हाईक पुन्हा घ्यायला येईल अशी वस्तू शोध, हा सल्ला त्याला पेंटरनेच दिला. १८९५ साली, बोथटलेला वस्तरा हातात असताना जिलेटला कल्पना सुचली : केस कापते ती फक्त कड, मग तिच्यामागे एवढं पोलाद कशाला? पातळ पत्र्यालाच दोन बाजूंनी धार लावावी आणि ती गेली की पत्रा टाकून द्यावा.

कल्पना एका सकाळची. ती प्रत्यक्षात उतरायला सहा-सात वर्षं गेली. इतक्या पातळ पत्र्याला पाणी देताना तो वेडावाकडा होतो आणि धार धरत नाही, असं धातुशास्त्राचे जाणकार सांगत होते. मार्ग काढला तो एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकरसन या अभियंत्याने. पत्रा सपाट राखून कडक करायची आणि त्याला धार लावायची यंत्रं त्याने घडवली. श्रेय देताना जिलेटच्या बरोबरीने त्याचं नाव घ्यायला हवं. १९०१ साली कंपनी उभी राहिली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि त्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९०४ रोजी, पेटंट हाती आलं.

रेझर जवळजवळ फुकट देऊन ब्लेडवर कमावण्याची युक्ती जिलेटची, असं व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितलं जातं. सुरुवातीचा इतिहास वेगळा आहे. पेटंट लागू असेपर्यंत, म्हणजे १९२१पर्यंत, कंपनीने रेझर पाच डॉलरला विकला, आणि ही त्या काळी चैनीची किंमत होती. स्वस्त रेझर आले ते पेटंटची मुदत संपून प्रतिस्पर्धी उतरल्यावर. मधल्या काळात पहिल्या महायुद्धाने प्रसाराचं मोठं काम केलं होतं. अमेरिकी सैन्यासाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड पुरवली गेली. खंदकातून परतलेला शिपाई रोज स्वतःची दाढी करण्याची सवय घेऊन घरी गेला.

धोकटीतून घराघरात

आपल्याकडे दाढी ही गावगाड्यातली व्यवस्था होती. न्हावी हा बलुतेदार. धोकटी घेऊन तो ठरलेल्या घरी ठरलेल्या दिवशी जायचा आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य घ्यायचा. या व्यवस्थेत जिव्हाळा होता, तसा जाच आणि अन्यायही होता. अनेक गावांत दलितांच्या गालाला न्हाव्याचा वस्तरा लागत नसे. घरात आलेलं दाढीचं मशीन कुणाची जात विचारत नव्हतं. वार पाहत नव्हतं, पाळी लावत नव्हतं. शाळामास्तर, कारकून, गिरणीकामगार, पोलीस, ज्यांना रोज नीटनेटकं दिसणं भाग होतं, त्यांच्या घरी खिडकीच्या गजाला आरसा अडकला आणि गडूभर गरम पाण्यात ब्रश भिजू लागला. भारत, अशोक, पनामा, टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक ही नावं त्या पुड्यांवरची. दाढीतून निवृत्त झालेलं ब्लेड घरात पुढे कितीतरी दिवस राबायचं. शिवण उसवायला, पेन्सिलीला टोक करायला, नखं काढायला तेच.

या कथेत ठाण्याचाही मोठा वाटा आहे. वागळे इस्टेटमधल्या विद्युत मेटॅलिक्सच्या 'सुपर-मॅक्स' ब्लेडची गणना जगातल्या मोठ्या उत्पादनांत होत असे. परदेशातल्या कित्येक न्हाणीघरांत ठाण्याचं पातं पोचलं.

ब्लेडने न्हाव्याचा धंदाही बदलला. एड्सची भीती पसरल्यानंतर कायमच्या वस्तऱ्याची जागा ब्लेड बदलता येणाऱ्या वस्तऱ्याने घेतली. आजही सलूनमध्ये हे पाहायला मिळतं. कारागीर पुडी उघडत नाही. पुडीसकट ब्लेड मधोमध उभं दुमडतो. कट् असा आवाज होतो, दोन सारखी अर्धुकं होतात. एक वस्तऱ्याच्या खाचेत बसतं, दुसरं पुडीतच पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नवं पातं घालणं हा आता सलूनचा शिष्टाचार झाला आहे.

फेस आणि हात

रेझरचं निम्मं काम पाणी करतं. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. तोच दोन-तीन मिनिटं गरम पाण्याने भिजला की फुगतो, मऊ पडतो आणि फार कमी जोराने कापला जातो. म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी, किंवा गालावर ओला गरम पंचा थोडा वेळ धरावा. साबणाचं काम ते पाणी केसात टिकवणं आणि पात्याखाली घसरण देणं. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि लगेच विरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर असतं आणि ते सोडियमबरोबर पोटॅशियमच्या अल्कलीनेही साबणवलेलं असतं. पोटॅशियममुळे साबण चटकन विरघळतो, स्टिअरिकमुळे फेस घट्ट, दाट आणि टिकाऊ होतो.

फेस करायला घाई चालत नाही. ब्रश भिजवून झटकायचा, साबणावर अर्धा मिनिट फिरवायचा. आधी वर येतो तो बुडबुड्यांचा पातळ फेस. तो खरा नव्हे. थेंब थेंब पाणी घालत वाटीत किंवा गालावरच घोळत राहिलं की बुडबुडे दिसेनासे होतात आणि ओली तकाकी येते. मग थांबायचं. बोअरच्या जड पाण्याच्या गावात हा फेस जमत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून त्याचा साका करतं. तिथे साबण जास्त घ्यावा किंवा दाढीपुरतं पावसाचं वा आरओ यंत्राचं पाणी वापरावं.

आता रेझर. दांडा टोकाकडे, हलक्या बोटांनी धरायचा. डोकं गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणत जायचा. सुमारे तीस अंशांच्या कोनात पातं केसाला भिडतं आणि बारीक खरखर ऐकू येते. हाच आवाज खरा शिक्षक. तो थांबला म्हणजे कोन सुटला. जोर अजिबात लावायचा नाही. धातूच्या रेझरचं वजन पुरेसं असतं. ज्यांना दाढी करताना कापतं, त्यांना बहुतेकदा जोरानेच कापतं. पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, दुसरा हात आडवा. उलटा हात त्वचेला सोसत असेल तरच. गळ्यावरचे केस कित्येकांचे आडवे किंवा वरच्या दिशेने उगवतात, तेव्हा आधी बोटं फिरवून आपल्या दाढीचा नकाशा समजून घ्यावा. शेवटी गार पाणी आणि ओल्या गालावर तुरटीचा खडा. बारीक रक्त तुरटीने तिथल्या तिथे थांबतं.

इतका मऊ केस पोलादाची धार घालवतो कशी? २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. केस पोलादाहून पन्नासपट मऊ असतो. तरीही तो वाकून धारेला कोनात भिडतो, आणि जिथे पोलादाची सूक्ष्म रचना एकसारखी नसते तिथे धारेचा कण उडतो. म्हणजे ब्लेड झिजण्यापेक्षा कपच्या उडून जातं. केस ओढला गेल्यासारखं वाटलं की काटकसर न करता पातं बदलावं.

पात्यांची शर्यत

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन सोर्डने स्टेनलेस पोलादाचं ब्लेड आणलं. ते गंजत नव्हतं, जास्त दाढ्या चालत होतं. पात्याची खरी प्रगती तिथे झाली. पुढे धारेवर टेफ्लॉन, क्रोमियम, प्लॅटिनमचे लेप आले. मग संख्या वाढू लागली. १९७१मध्ये जिलेटने दोन पात्यांची कार्ट्रिज, म्हणजे पात्यांसकट बदलायचं डोकं, आणली; १९९८मध्ये तीन, २००६मध्ये पाच. पहिलं पातं केस ओढून धरतं, मागचं तो त्वचेच्या पातळीखाली कापतं, हे त्यामागचं तत्त्व. गाल गुळगुळीत होतो हे खरं. पण कुरळ्या केसाचं टोक त्वचेखालीच वळतं आणि फोड येतात, हेही खरं. डोकं स्वतः कोन सांभाळतं, म्हणून शिकावं काहीच लागत नाही, आणि त्या न शिकण्याची किंमत दर कार्ट्रिजला मोजावी लागते. खुद्द जिलेटलाच २०१०मध्ये भारतासाठी एका पात्याचा, पंधरा रुपयांचा 'गार्ड' काढावा लागला. मगभर पाण्यात, जमिनीवर बसून दाढी करणाऱ्या माणसाला काय हवं, हे पाहून तो घडवला होता.

माझं मत सरळ आहे. घरात एक धातूचा रेझर असावा. तो मुलाला देता येईल इतका टिकतो. मागे उरतो फक्त पोलादाचा पातळ पत्रा. कार्ट्रिजसारखा प्लॅस्टिक, रबर आणि पोलाद यांचा न सुटणारा गोळा नव्हे.

पण त्या पत्र्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला ब्लेड टाकायची फट असे. ती पाती भिंतीच्या पोकळीत पडून राहत आणि पिढ्यांनंतर घर पाडणाऱ्यांना सापडत. आपल्याकडे भिंत नाही, पिशवी आहे, आणि त्या पिशवीत कचरावेचक बाईचा हात जातो. ज्या यंत्राचं सगळं मोल गाल न कापण्यात आहे, त्याचं पातं दुसऱ्याच्या तळव्यात रुतत असेल, तर दाढी नीट झाली असं म्हणता येणार नाही. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडावी, वापरलेली पाती त्यात टाकावीत, डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वर 'ब्लेड' असं ठळक लिहावं आणि भंगारवाल्याच्या हाती सांगून द्यावा. एका माणसाचा डबा भरायला वर्षं लागतात. साबण, ब्रश आणि रेझर घ्यायला जाल तेव्हा हा डबाही त्याच दिवशी करून ठेवा.