बालक, सुई आणि दुसरा बाण

सिकलसेल हा आजार विदर्भातील अनेक घरांना परिचित आहे. आदिवासी समाजांप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्या बालकाला रक्ततपासणी, सलाईन, प्रसंगी रक्त चढविणे यांसाठी सुई वारंवार सोसावी लागते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असल्यास रक्तपेशींची मोजणीही ठरावीक काळाने करावी लागते. सुईचे भय एकदा मनात रुजले, की बालक दवाखानाच टाळू पाहते आणि उपचारांत खंड पडतो. म्हणून हे भय कमी करणे हा उपचाराचाच भाग होय.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात शारीरिक आणि मानसिक वेदनांची तुलना दोन बाणांशी केलेली आहे. सुई हा पहिला बाण. तो सर्वस्वी टळत नाही. बालकाच्या बाबतीत दुसरा बाण मात्र पुष्कळदा आपण मोठी माणसेच मारतो. ‘काही दुखणार नाही’ हे खोटे आश्वासन, ‘रडलास तर आणखी टोचतील’ ही धमकी आणि हातपाय दाबून आडवे पाडणे, ही त्याची रूपे होत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणाच्या वेदनेविषयी केलेल्या शिफारशींतही खोटा दिलासा टाळण्यास सांगितले आहे. तान्ह्या बाळाला सुईच्या वेळी अंगावर पाजावे, लहानग्याला पालकाने जवळ धरावे आणि तीन वर्षांवरील मुलाला बसवून सुई द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. रक्त घेतानाही हे उपयोगी पडते.

पहिल्या बाणाची धारही बोथट करता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने लिडोकेन-प्रिलोकेन हे बधिर करणारे मलम सुमारे एक तास आधी लावावे. सिकलसेलच्या बालकाला बर्फ लावू नये, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. त्याला पाणी पाजावे व हात उबदार ठेवावा. शीर सापडणे सोपे होते.

‘थोडे टोचेल, मी तुझ्याजवळ आहे,’ असे स्पष्ट सांगावे. कोणता हात पुढे करायचा, हे शक्य तेथे त्यालाच ठरवू द्यावे. सुई टोचताना गोष्ट सांगावी किंवा साबणाचे फुगे उडवू द्यावेत. ते रडले तर रडू द्यावे; रडणे हा अपराध नव्हे. सुईचे दुखणे थोड्या वेळात ओसरते. पण आपल्या माणसाने फसविले, ही जाणीव पुढच्या प्रत्येक सुईच्या वेळी जागी होते.